पंधरा तारखेचा प्रवाह

आमच्या वन्सं रोज सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहाला धक्क्याच्या टोकावर जाऊन समुद्रात बादली सोडतात. जस्ताची बादली, दोरीला बांधलेली, एका बाजूने चेपलेली. पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा, मनात शंभर मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. सव्वीस वर्षं हेच चाललंय. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, नवऱ्याची ही थोरली बहीण जरा डोक्याने अधू असावी आणि लग्न जमेपर्यंत घरच्यांनी ते लपवलं असावं. पुढे कळलं की ही बंदर कचेरीतली पक्की नोकरी आहे. तेव्हा तर मला जास्तच हसू आलं.

बंदरात त्यांना बादलीबाई म्हणतात, पण त्यांच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती फक्त माझी, तीही भांडण रंगात आल्यावर.

आमचं घर दोन मजल्यांचं. खाली मी, हे आणि आमची मुलगी. वरच्या खोलीत वन्सं आणि त्यांच्या वह्या. वह्या कमी नव्हत्या. माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर वह्या, जिन्याखाली वह्या. "निम्म्या तरी रद्दीत घाला," असं मी एकदा म्हटलं, तर वन्सं नऊ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते नऊ दिवस फार सुखाचे गेले. त्यांनी लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "सकाळ-संध्याकाळ मोकळी नव्हते."

आता त्या एवढं काय मोजतात ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या किनाऱ्याला लागून समुद्रात एक प्रवाह वाहतो. वर्षातले काही महिने तो दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो, तेव्हा पाणी कोमट असतं. मग कधीतरी तो रेंगाळतो, थांबल्यासारखा होतो आणि उलटा फिरतो. उत्तरेकडचं गार पाणी घेऊन दक्षिणेला निघतो. वरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. लाटा आपल्या तशाच किनाऱ्यावर येत राहतात. पण समुद्रात एखादी गोष्ट सोडली, की ती कुठल्या गावाला निघेल हे तो प्रवाह ठरवतो. बादलीतला पारा उतरला की वन्संना पहिली चाहूल लागते. मग त्या नंबर घातलेले नारिंगी रंगाचे लाकडी ठोकळे पाण्यात टाकतात. ज्याला सापडेल त्याने ते बंदर कचेरीत पाठवावेत असं त्यांवर लिहिलेलं असतं, आणि लोक खरोखर पाठवतात. कुणाच्या जाळ्यात येतो, कुणाच्या कुत्र्याला मिळतो.

कचेरीत मात्र हे सगळं एका चौकटीत बसवलेलं आहे. साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर छापील कोष्टक लटकतं, काचेत. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय की प्रवाह पंधरा तारखेला फिरतो. कुठल्या महिन्याच्या पंधराला तेही आहे. वन्संना त्या कोष्टकाचा भयंकर राग. ते चूक आहे असा अर्ज त्या दर दोन-तीन वर्षांनी करायच्या. कचेरी तो अर्ज घ्यायची, त्यावर नंबर घालायची आणि फाइलला लावून टाकायची.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचंय, त्या दिवशी त्याच महिन्याची आठ तारीख होती.

आदल्या सकाळी हे आणि मिस्त्री आमची बोट घेऊन गेले होते. मिस्त्री म्हणजे यांचा जुना दोस्त. बंदरातली निम्मी इंजिनं त्याच्या हातची, आणि ज्या बोटीवर तो स्वतः असतो तिचं इंजिन मात्र कायम तारेने बांधलेलं. संध्याकाळी दोघं परतले नाहीत. दुसऱ्या एका बोटवाल्याने सांगितलं, की दुपारी बाराच्या सुमारास बंदराच्या समोर दहा-बारा मैलांवर त्याला ही बोट दिसली होती. मिस्त्री इंजिनात वाकलेला होता, आणि यांनी हात करून 'ठीक आहे' म्हणून सांगितलं. आमचे हे बुडत असले तरी ठीक आहे म्हणतील. बोटीवरचा वायरलेस दुरुस्तीला गेला होता. तो मिस्त्रीच्याच टेबलावर उघडा पडलेला मला मागाहून दिसला.

रात्र कशी गेली ते सांगत नाही. सकाळी सात वाजता मुलीला शेजारी ठेवून मी कचेरीत गेले. साहेब चार महिन्यांपूर्वीच बदलून आले होते. वाईट माणूस नव्हता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, लाँचवाल्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. माणूस वाईट असला तर भांडायला सोपं जातं. हे साहेब चांगले होते, म्हणूनच सगळं अवघड झालं.

कचेरीकडे लाँच एकच. दिवसभराच्या उजेडात ती एकाच बाजूला जाऊन येऊ शकते. साहेब कोष्टकापुढे उभे राहिले, काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आज आठ. प्रवाह फिरायला अजून सात दिवस आहेत. म्हणजे बोट उत्तरेला वाहत गेली असणार. लाँच उत्तरेला जाईल. मच्छीमार बोटींनाही तेच सांगू."

तेवढ्यात वन्सं आत आल्या. हातात बादली, तिच्यातून फरशीवर पाणी सांडत होतं.

"साहेब, दक्षिणेला पाठवा," त्या म्हणाल्या.

"बाई, कोष्टक बघा."

"बघितलंय. चूक आहे ते. प्रवाह चार तारखेलाच फिरलाय. पाणी साडेतीन अंशांनी उतरलंय." त्यांनी पिशवीतून एक नारिंगी ठोकळा काढून टेबलावर ठेवला. "चारशे बारा नंबर. पाच तारखेला मी टाकला. दक्षिणेच्या दीपगृहाच्या रखवालदाराला काल मिळाला. त्याने आज पहाटेच्या बसने पाठवला."

साहेबांनी ठोकळा उचलून पाहिला. "एका ठोकळ्यावरून मी लाँच फिरवू?"

"ठोकळ्यावरून नका फिरवू. दोन माणसांसाठी फिरवा."

"हे कोष्टक मुख्य कचेरीतून छापून आलंय. तज्ज्ञांनी केलेलं आहे. तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं, असं म्हणायचंय का?"

वन्संनी बादली खाली ठेवली. मी पंधरा वर्षं त्यांना ओळखते. शब्दाला शब्द त्या लगेच देतात. त्या वेळी मात्र थांबल्या.

"तज्ज्ञांनी नाही. मी केलंय ते," त्या म्हणाल्या. "तेवीस वर्षांची होते. नोकरीला लागून चार महिने झालेले. मुख्य कचेरीतून फॉर्म आला, प्रवाह कधी फिरतो ते लिहून पाठवा म्हणून. माझ्याआधीच्या माणसाच्या अकरा वर्षांच्या वह्या होत्या. त्यांत तो कधी आदल्या महिन्याच्या अठ्ठावीसला फिरलेला, कधी तीनला, कधी पुढचा महिना लागल्यावर. आणि फॉर्मवर चौकोन एकच. तेव्हाचे साहेब म्हणाले, एक तारीख लिही आणि मोकळी हो. मी सरासरी काढली. पंधरा आली. त्या अकरा वर्षांत तो एकदाही पंधराला फिरलेला नव्हता."

लाँचवाला टोपी हातात घेऊन खाली बघत होता.

"हे तुम्ही इतकी वर्षं सांगितलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"कोष्टक चुकलंय असं नऊ वेळा लिहून दिलं. मी चुकवलंय असं नाही लिहिलं. लाज वाटली."

साहेबांनी ठोकळा परत टेबलावर ठेवला. मग त्यांनी जे उत्तर दिलं ते अगदी खरं होतं, आणि म्हणूनच माझ्या अंगाची आग झाली. ते म्हणाले, "बाई, कोष्टकाप्रमाणे गेलो आणि बोट नाही सापडली, तर मला कुणी काही विचारणार नाही. कोष्टक सोडून गेलो आणि नाही सापडली, तर मी कुणाला काय सांगू?" आणि लाँचवाल्याकडे वळून म्हणाले, "उत्तर."

खरं सांगते, तेव्हा मला वन्संचाही राग आला. ज्या बाईने आत्ताच कबूल केलं की माझं चुकलं, तिच्यावर मी विश्वास ठेवायचा, आणि तोही माझ्या नवऱ्याच्या जिवावर? साहेबांकडे निदान छापलेलं काहीतरी होतं. मी व्हरांड्यात वन्संचा दंड धरला.

"तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"माझा भाऊ आहे तो."

"भाऊ आहे ते मला माहीत आहे. मी पाण्याबद्दल विचारतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाणी नक्की माहीत आहे," त्या म्हणाल्या. मग माझा हात सोडवत हळूच पुटपुटल्या, "या वेळी 'बरं' म्हणायचं नाही." हे त्या स्वतःलाच म्हणाल्या.

व्हरांड्याच्या टोकाला कर्ण्याची खोली आहे. हवामान आणि पाण्याची सूचना सकाळ-संध्याकाळ तिथूनच धक्क्यावर ऐकवतात, आणि ते काम वन्संचंच, त्यामुळे किल्ली त्यांच्या कमरेला. त्या आत शिरल्या आणि आतून कडी लावली. मग धक्क्यावरच्या चारही कर्ण्यांतून त्यांचा तो रोजचा, पारा वाचून दाखवतात तसा कोरडा आवाज आला.

"धक्क्यावरच्या सर्व बोटींसाठी सूचना. प्रवाह चार तारखेला फिरलेला आहे. काल बंद पडलेली बोट दक्षिणेला शोधावी, बेटाच्या खडकांच्या बाहेरून. ही सूचना बंदर कचेरीची नाही. माझी आहे. चुकली तर मला येऊन धरा."

साहेब दार वाजवत होते. "बाई, दार उघडा. हे तुमच्या अंगाशी येईल." आतून तीच सूचना दुसऱ्यांदा आली, मग तिसऱ्यांदा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. साहेबांना म्हटलं, "तुम्हाला आत जायचं असेल तर आधी मला बाजूला करावं लागेल." साहेबांनी मला हात लावला नाही. म्हटलं ना, माणूस चांगला होता.

धक्क्यावर एकवीस बोटी होत्या. मिनिटभर कुणी हललं नाही. कचेरी एक सांगतेय आणि बादलीबाई दुसरंच. मग एक इंजिन सुरू झालं, पाठोपाठ दुसरं. वर्षानुवर्षं ज्यांनी वन्संचे ठोकळे जाळ्यातून काढून शिव्या देत परत आणून दिले होते, तेच पहिले निघाले. चौदा बोटी दक्षिणेला वळल्या. उरलेल्या सात लाँचच्या मागे उत्तरेला गेल्या. वन्संनी दार उघडलं, साहेबांच्या हातात किल्ली दिली आणि बाकावर येऊन माझ्या शेजारी बसल्या. साडेतीनपर्यंत आम्ही दोघी तिथून उठलो नाही. एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही, आणि या वेळी मला ते मुळीच सुखाचं वाटलं नाही.

साडेतीनला वायरलेसवर कळलं. बोट सापडली होती. दक्षिणेला, बेटाच्या खडकांच्या बाहेर, बारा वाजता जिथे दिसली होती तिथून सत्तावीस मैलांवर. दोघंही जिवंत.

हे धक्क्यावर उतरले तेव्हा ओठ फुटलेले, डोळे लाल. मी पुढे होणार तोच वन्सं वही उघडून पुढे.

"इंजिन किती वाजता बंद पडलं?"

"ताई, जरा बसू तरी दे."

"वेळ सांग."

"बारा. सव्वाबारा असतील."

"म्हणजे तासाला एक मैल," म्हणत त्या लिहायला लागल्या. माझ्या तोंडून त्यांच्यासाठी एक फार वाईट शब्द गेला, सगळ्यांनी ऐकला. मग मी वहीकडे बघितलं. त्यांना साधा एक आकडा काढता येत नव्हता. पानावर नुसत्या रेघोट्या होत्या. मी त्यांच्या हातातून वही घेतली आणि मीच लिहिलं: तासाला एक मैल. त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. मीही रडले.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी कचेरीचं पत्र आलं. परवानगीशिवाय सूचना दिल्याबद्दल लेखी खुलासा द्या आणि माफी मागा. वन्संनी एका बैठकीत लिहून टाकलं. जेमतेम दोन परिच्छेद. पहिला असा: 'सव्वीस वर्षांपूर्वी मी कोष्टकात एकच तारीख लिहिली. ती चूक माझी आहे. तिची मी माफी मागते.' दुसरा असा: 'आठ तारखेला मी जे बोलले त्याची मी माफी मागत नाही.'

तो कागद घेऊन साहेब स्वतः आमच्या घरी आले. मला वाटलं, दुसऱ्या परिच्छेदावरून वाजणार. पण ते म्हणाले, "दुसरा राहू दे, मी बघतो. पहिला काढून टाका."

"का?" मी विचारलं.

"जुने शोध उघडे पडतील. लोक विचारतील की अमक्या साली तुम्ही कुठल्या बाजूला गेला होता. मी जुनी फाइल काढून बघितली, म्हणून सांगतोय. यात तुमच्या नणंदेचंही भलं नाही."

"कुठला शोध?"

साहेब वन्संकडे बघायला लागले. वन्सं भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांनीच सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या जाळीवाल्या काकूंचा मुलगा बोटीसकट गेला. तारीख होती त्याच महिन्याची नऊ. त्या वर्षी प्रवाह तीनला फिरलेला होता. वन्संनी जाऊन तेव्हाच्या साहेबांना हळू आवाजात सांगितलं होतं. साहेबांनी नुसतं कोष्टकाकडे बोट दाखवलं. कोष्टक कुणी लिहिलंय ते वन्सं बोलल्या नाहीत. 'बरं' म्हणाल्या आणि घरी आल्या. शोध उत्तरेला पाच दिवस चालला.

"मी 'बरं' म्हणाले," वन्सं म्हणाल्या. "पहिला परिच्छेद राहणार. त्यावाचून मी सही करणार नाही."

साहेब निघून गेले तशा त्या चपला घालून बाहेर पडल्या. मी मागोमाग. मला वाटलं कचेरीत निघाल्या, पण त्या तीन घरं टाकून काकूंच्या दारात थांबल्या.

काकूंचं वय सत्तरीच्या पुढचं. दारातल्या उजेडात बसून लोकांची फाटकी जाळी विणतात, त्यावरच घर चालतं. वन्संनी उभ्या उभ्या कागद वाचून दाखवला, मग ते नऊ तारखेचं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. काकूंच्या हातातली सुई थांबली.

"म्हणजे तो कुठल्या बाजूला गेला असेल?" काकूंनी विचारलं.

"दक्षिणेला. बेटाच्या बाहेरून."

काकूंनी जाळं मांडीवरून बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी उत्तरेकडं तोंड करून त्याच्याशी बोलत आले."

वन्सं खाली बसल्या. काकूंच्या पायांना हात लावायला वाकल्या, तर काकूंनी पाय मागे घेतले. "पाय नको धरूस," काकू म्हणाल्या. "माफ केलं असंही मी म्हणणार नाही. आत्ता तरी नाही. तो कागद कुठं द्यायचाय?"

"कचेरीत. पण ते घेणार नाहीत. पहिला परिच्छेद काढा म्हणतात."

"पहिला म्हणजे माझ्या मुलाचा?"

"हो."

काकू भिंतीचा आधार घेत उठल्या. विणायचं जाळं पिशवीत कोंबलं, पेन मागितलं, आणि वन्संच्या सहीखाली मुलाचं नाव आणि ती तारीख वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिली.

कचेरीत साहेबांनी कागद बघितला आणि परत पुढे सरकवला. "हा मला घेता येणार नाही, काकू. तुम्ही घरी जा. वरून उत्तर आलं की आम्ही कळवू."

काकू समोरच्या बाकावर बसल्या. पिशवीतून जाळं काढून मांडीवर पसरलं, सुईत दोरा ओवला. "घ्याल तेव्हा घ्या," त्या म्हणाल्या. "मला काही घाई नाही. वाट बघायची सवय आहे मला."

त्यांच्या शेजारी वन्सं बसल्या. त्यांच्या शेजारी मी. साहेब कागदपत्रं चाळत राहिले, पण पान काही उलटत नव्हतं. दुपारी लोक आले, आमच्याकडे बघून गेले. त्यांतले दोघं-तिघं गेलेच नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. जाळ्याची दीड हात वीण पुरी झाली. सव्वाचार वाजता साहेबांनी कारकुनाला हाक मारली आणि आवक शिक्का मागवला.